माहुलची खाडी, देवनारचा वर्ग

माहुल गावातून देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जायला रिक्षाने अर्धा तासही लागत नाही. १९३६ साली सुरू झालेली आणि १९५४ पासून देवनारला असलेली ही संस्था. तिथे समाजकार्याच्या एमएमध्ये दलित आणि आदिवासी अभ्यास शिकवला जातो आणि त्यासाठी पार ईशान्येकडून मुलं येतात. माहुलच्या घरांत मात्र बारावीचा निकाल लागला की बोलणं होतं ते बीकॉमचं, बीएमएसचं, नाहीतर शेजारच्या रिफायनरीतल्या अप्रेंटिसशिपचं. एखादी मुलगी म्हणाली, की मला आपल्या लोकांचा, आदिवासींचा, त्यांच्या ज्ञानाचा अभ्यास करायचाय, तर वडील पहिला प्रश्न विचारतात, ‘हे शिकून नोकरी कोण देणार?’

प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोलमोल उत्तर देण्यात अर्थ नाही. नुसता हा विषय घेतला तर नोकऱ्या थोड्या. त्याला दुसऱ्या एखाद्या कौशल्याची जोड दिली, तर माणसं शोधून सापडत नाहीत अशी परिस्थिती आहे. जोड कसली, ते पुढे सांगतो. आधी विषयात असतं काय ते पाहू, कारण बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर तारपा नाच आणि वारली चित्रं यापलीकडे काही येत नाही.

खाडीवर आयुष्य काढलेल्या एखाद्या वयस्कर कोळ्याला विचारा, आज भरती किती वाजता? तो मोबाइल काढणार नाही. तिथी विचारेल आणि तिची पाऊणपट करेल. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहा. चंद्रामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पाऊणपटीच्या हिशेबात ती पंचेचाळीस मिनिटं धरली जाते, आणि होडी काढायला एवढी अचूकता पुरते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. कुठल्या पाण्याला कुठलं जाळं लावायचं, चिखलात निवट्या कधी वर येतात, कालवं काढायला बायकांनी किती वाजता निघायचं, हे सगळं याच हिशेबावर चालतं. विद्यापीठात हा हिशेब ‘पारंपरिक परिसरज्ञान’ म्हणून शिकवतात. विद्यार्थ्याने तो टिपायचा, सरकारी भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहायचा, कुठे जुळतो आणि कुठे चुकतो ते लिहायचं, आणि खाडीत भराव पडल्यावर, तेलाचा तवंग आल्यावर यातलं काय बदललं ते त्याच माणसांना विचारायचं. यात गणित आहे, भूगोल आहे, जीवशास्त्र आहे. हा विषय सोपा म्हणून घ्यायचा असेल तर घेऊच नये.

आपल्याकडे हे काम नवीनही नाही. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा. तिथल्या गो. स. घुर्ये यांनी महादेव कोळ्यांवर पुस्तक लिहिलं. विजया पुणेकर यांचं मुंबईच्या सोनकोळ्यांवरचं पुस्तक १९५९ साली आलं. पुण्यात इरावती कर्वे होत्या. गोविंद गारे तर स्वतः महादेव कोळी समाजातले. त्यांनी पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संचालकपद सांभाळलं आणि आदिवासींवर आयुष्यभर लिहिलं. ज्याच्यावर लिहिलं जायचं तोच लिहायला बसला, की पुस्तकाचा रोख बदलतो. न्यूझीलंडच्या माओरी अभ्यासक लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी १९९९ मध्ये याच मुद्द्यावर एक पुस्तक लिहिलं आणि ते आज जगभरच्या वर्गांत वाचलं जातं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये या अभ्यासाचे स्वतंत्र विभाग आहेत. तिथे शिकायला जायचं तर जरूर जा, पण इथला एखादा पाडा, एखादी खाडी नीट पाहिल्याशिवाय जाऊ नका. तिथले प्राध्यापकही पहिल्यांदा तेच विचारतील.

आता जोडीची गोष्ट. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून गावातल्या जाणत्या माणसांचा लेखी नोंदवलेला जबाब चालतो, दफनभूमी आणि देवस्थानांसारख्या खुणाही चालतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो असं काम चिकाटीने झालं म्हणून. म्हणजे आजोबांची आठवण कायद्याच्या भाषेत उतरवणारा माणूस लागतो. कायद्याची पदवी आणि हा विषय, ही एक जोड.

दुसरी नकाशाची. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांचं नकाशांकन करा असं स्पष्ट लिहिलं होतं. ज्यांनी हे काम पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, की भांडण नेहमी हद्दीवरून होतं. जाळी सुकवायची जागा गावठाणात धरायची का? होड्या ओढायची वाट कोणाची? जीआयएस चालवणारे मुंबईत ढिगाने आहेत. जाळी सुकवायची जागा म्हणजे काय हे माहीत असलेला जीआयएसवाला मिळत नाही.

तिसरी जोड मत्स्यविज्ञानाची. बारावीला विज्ञान असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बीएफएससी आणि पुढे अंधेरीत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत पदव्युत्तर शिक्षण, हा रस्ता आहे. चौथी आरोग्याची. माहुलच्या हवेचा प्रश्न हरित लवादापुढे गेला आणि २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपये भरायला सांगितले. तिथवर पोचायला वासाची, खोकल्याची, डोळ्यांच्या जळजळीची गाऱ्हाणी घरोघर जाऊन नोंदवावी लागली होती. ‘गावकऱ्यांच्या तक्रारी’ आणि ‘पुरावा’ यांच्यामध्ये जो माणूस उभा असतो, तो कुठेतरी शिकलेला असतो.

पगाराचं बोलू, कारण त्याशिवाय हा लेख घरी कोणी वाचणार नाही. सुरुवातीची काही वर्षं बहुधा प्रकल्पापुरतं कंत्राट मिळतं, एक प्रकल्प संपला की दुसरा शोधायचा. घरावर कर्ज असेल आणि मुलाचा पगार पहिल्या महिन्यापासून लागणार असेल, तर हा विषय पदवीला जोडविषय म्हणून घ्या आणि पदव्युत्तरचा विचार नोकरी लागल्यावर करा. त्यात कमीपणा नाही. ज्यांना दोन-तीन वर्षं थांबता येतं त्यांच्यासाठी दारं बरीच आहेत. राज्याचा आदिवासी विकास विभाग आहे, भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण आहे, भोपाळच्या मानव संग्रहालयासारखी संग्रहालयं आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यामुळे सामाजिक परिणामांचे अभ्यास करणाऱ्या संस्था वाढल्या. प्राध्यापकी आहे, मात्र तिथली रांग लांब आहे. यूपीएससीला मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय घेणारे पुष्कळ असतात आणि त्याच्या दुसऱ्या पेपरात भारतातल्या जमातींवर भर असतो. पण केवळ यूपीएससीसाठी म्हणून तीन वर्षं या विषयात काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकायचं कुठे? मुंबईत समाजशास्त्र आणि मानवशास्त्र पदवीला घ्यायचं तर सेंट झेवियर्स. पदव्युत्तरला पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग. बोलीभाषांत रस असेल तर पुण्याच्याच डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र. अमरकंटकला इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ आहे, ते केंद्रीय विद्यापीठ असून २००८ पासून चालू आहे. आणि देवनार आहेच.

मुलींच्या आयांची काळजी वेगळी असते: फिल्डवर्कला कुठे पाठवणार? समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य सक्तीचं असतं, ते टाळता येत नाही. प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा, की मुली गटाने जातात का, राहायची सोय कोण करतं, मार्गदर्शक सोबत असतो का. हे विचारायला लाजू नका, चांगला विभाग न चिडता उत्तर देतो.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करायला हवा, कारण त्यापायी प्रवेश अडकतात. कोळी म्हटलं की सगळेच अनुसूचित जमातीत, असं बऱ्याच घरांत धरून चालतात. महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी त्या यादीत आहेत. मुंबईचे मच्छीमार कोळी राज्यात विशेष मागास प्रवर्गात मोडतात आणि आगरी इतर मागासवर्गात. केंद्रीय संस्थांचे प्रवर्ग पुन्हा वेगळे, तिथे राज्याचा दाखला जसाच्या तसा चालेल असं समजू नका.

आणि पोर्टफोलिओ. मुलाखतीत किंवा अर्जात ‘मला संस्कृतीची आवड आहे’ हे वाक्य शेकडो जण लिहितात. त्याऐवजी सुट्टीत एका काकूकडे बसून तिच्या टोपलीतल्या दहा माशांची नावं, ते कुठल्या महिन्यात आणि कुठल्या पाण्यात मिळतात, हे तिच्याच शब्दांत लिहून काढा. तारीख, तिथी, जागा टाका. आधी तिची परवानगी घ्या आणि लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवा. ‘माझं नाव घालू नको’ म्हणाली तर घालू नका. ही परवानगीची बाब शोभेची नाही. हळदीच्या औषधी गुणांवर अमेरिकेत कोणीतरी पेटंट घेतलं होतं आणि ते रद्द करवायला रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरला १९९७ पर्यंत झगडावं लागलं. आपल्या आजीला माहीत असलेली गोष्ट ‘शोध’ म्हणून दुसऱ्याच्या नावावर कशी चढते, ते त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं. उद्या तुमच्या प्रबंधातूनही तसं होऊ शकतं.

देवनारचा एमएचा प्रवेश आता सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतो. तिचे अर्ज पदवीचं शेवटचं वर्ष चालू असतानाच, बहुधा हिवाळ्यात भरून घेतात. आपली मुलं निकाल लागल्यावर चौकशीला जातात, तेव्हा वर्ष गेलेलं असतं.