संतपदाची फाइल: अर्ज कुठे, खर्च किती, वर्षं किती

उंब्रजहून चाफळ जवळच. समर्थ रामदासांना संत म्हणायला तिथे कुणी अर्ज केला नव्हता. लोक म्हणू लागले आणि झालं. कॅथलिक चर्चमध्ये तसं चालत नाही. तिथे फाइल लागते, साक्षीदार लागतात आणि पैसेही लागतात. दवाखाना चालवणाऱ्या एखाद्या सिस्टरना संत घोषित करावं असं तुमच्या मनात असेल, किंवा अशा कामासाठी कुणी तुमच्याकडे वर्गणी मागत असेल, तर खिशात हात घालण्याआधी हे वाचा.

अर्ज कुठे? व्यक्ती जिथे वारली तिथल्या बिशपांकडे. जन्मगाव किंवा कामाचं गाव धरत नाहीत. सातारा जिल्हा पुणे धर्मप्रांतात येतो, म्हणून उंब्रजला निधन झालं असेल तर पुण्याचं बिशप हाऊस. शेवटच्या आजारपणात मुंबईला हलवलं आणि तिथेच गेल्या, तर मुंबईचे आर्चबिशप. प्रकरण इकडून तिकडे नेता येतं, पण त्याला दोन्ही बिशपांची आणि रोमची संमती लागते.

केव्हा? मृत्यूनंतर ५ वर्षं थांबावं लागतं. सूट फक्त पोप देतात. मदर तेरेसांना ती मिळाली. फार रेंगाळूही नका. ३० वर्षं उलटल्यावर अर्ज केलात, तर उशिरामागे लबाडी नाही हे दाखवावं लागतं.

कागद: चरित्र, छापलेलं सगळं लिखाण, पत्रं, डायऱ्या, साक्षीदारांची यादी. इथेच पहिला छुपा खर्च आहे. रोममध्ये लॅटिन, इटालियन, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीज चालतं. मराठी चालत नाही. सिस्टरांनी मराठीत लिहिलेली पत्रं आणि तुमच्या आजीने मराठीत दिलेली साक्ष, सगळ्याचं भाषांतर करून द्यावं लागतं. प्रकरण रोमला गेल्यावर तिथेच राहणारा पोस्च्युलेटर, म्हणजे फाइल चालवणारा माणूस, नेमावा लागतो. शेवटी सगळ्या पुराव्यांचा जाडजूड ग्रंथ छापायचा, तोही अर्जदाराच्या खर्चाने.

एकूण आकडा? ठरलेलं दरपत्रक नाही. जानलुइजी नुझी या इटालियन पत्रकाराने २०१५ च्या पुस्तकात सरासरी ५ लाख युरो म्हटलं होतं. युरो १०० रुपये धरला तर ५ कोटी. मार्च २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हिशेबाचे नियम घातले: प्रत्येक प्रकरणाचा वेगळा निधी, त्याला नेमलेला व्यवस्थापक, वर्षाचा ताळेबंद, बिशपांची देखरेख. तेव्हा वर्गणी देताना विचारायचं ते एवढंच: निधीचा व्यवस्थापक कोण, आणि पावती कुणाच्या नावाची? उत्तर गुळमुळीत आलं तर देऊ नका. अर्जदार गरीब असेल तर रोममधल्या संबंधित खात्याकडे मदतनिधी आहे. तो बिशपांमार्फत मागता येतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्याकडे माणूस गेला की वर्षभरात समाधीवर छत्री उभी राहते. इथे ते करू नका. निकालाआधी जाहीर पूजा झाली नाही हेसुद्धा चौकशीत सिद्ध करावं लागतं. कबरीवर फुलं ठेवा, घरी प्रार्थना करा. फोटोमागे वलय छापू नका.

चमत्कार दोन लागतात: एक ‘धन्यवादित’ ठरायला, दुसरा संत व्हायला. हुतात्म्याला पहिला माफ. चमत्कार म्हणजे बहुतेक वेळा आजार बरा होणं, आणि त्याचा पुरावा तुमच्या माळ्यावरच्या प्लास्टिकच्या पिशवीत असतो: केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड. माझ्या ओळखीतल्या एका घरात सगळं जपलं होतं, फक्त कार्डावरची तारीख पाण्याने पुसली होती. कधी दुखणं होतं आणि कधी गेलं, हेच सांगता येईना. कागदांच्या झेरॉक्स आजच काढा. नवस एकाच नावाने करा. चार संतांना एकदम साकडं घातलंत तर श्रेय कुणाचं ते ठरत नाही. रोममध्ये डॉक्टरांचं मंडळ बसतं, ७ पैकी किमान ५ जणांचा होकार लागतो, आणि त्यांचं मानधन फक्त बँकेतून जातं. रोख देण्याची सोयच नाही.

वेळ? मदर तेरेसांना १९ वर्षं, हे अपवादाने. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, संत झाले १८६२ मध्ये. गोव्याच्या बाणावलीचे जोसेफ वाझ १७११ मध्ये वारले. संतपद २०१५ ला, तेही पोपनी दुसरा चमत्कार माफ केल्यावर. पिलारचे फादर आग्नेल यांना ‘पूजनीय’ ठरवलं १९८६ मध्ये. ‘धन्यवादित’ ही पुढची पायरी अजून बाकी आहे. तेव्हा फाइल नातवंडांच्या हाती देण्याची तयारी ठेवा.

संतांचे अवशेष विकणं चर्चच्या कायद्याच्या ११९० व्या कलमाने साफ मना आहे, म्हणून हाडाचा तुकडा ‘सर्टिफिकेटसह’ विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि कधी काळी तुमच्या सिस्टरांचा सोहळा व्हॅटिकनमध्ये झालाच, तर लक्षात ठेवा: तिथला प्रवेशपास फुकट असतो. एजंटाच्या बिलात ‘पास’ अशी ओळ दिसली, तर ती आधी खोडायला लावा.