पाया पडलो, पण पाय पाहिले काय?

वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, हे आपल्या संप्रदायाचे मोठे भूषण आहे. कीर्तन संपले की लहान मोठ्याच्या आणि मोठा लहानाच्या पायांवर डोके ठेवतो. जात विचारीत नाही, वय पाहत नाही. समोर येईल त्याला 'माऊली' म्हणतो. परंतु ज्या पायांवर डोके ठेवले, त्यांना वाटेत फोड किती आले, हे आपण पाहिले काय? या पाठात एवढाच विचार करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वीची आमच्याच दिंडीतली हकीकत सांगतो. दिवे घाट चढून सासवडचा मुक्काम पडला होता. हरिपाठ झाला, नमस्कार झाले. एका गावचे दोन सख्खे भाऊ मात्र एकमेकांना चुकवून पुढे सरकले. तंटा बांधाचा. थोरला दर नांगरटीला दोन तास आपल्या रानात घुसतो, असे धाकट्याचे म्हणणे. आम्ही त्याला बाजूला घेतले आणि उपदेश केला. "अरे, गळ्यात माळ घातलीस ना? माती कुणाबरोबर गेली आहे का? दे सोडून!" त्याने मान खाली घालून ऐकले आणि दुसऱ्या दिवशी तो आमची रांग सोडून मागे जाऊन चालू लागला. आपण आपले काम केले, असे आम्हांस वाटले. खरे पाहता आम्ही त्याचे काहीच ऐकले नव्हते.

पुढे वाल्ह्याच्या मुक्कामी आमचे म्हातारे वीणेकरी त्याच्याजवळ जाऊन बसले. उपदेशाचा एक शब्द नाही. "पोरा, रान किती रे तुझं? पिकतं काय त्यात?" एवढेच विचारले आणि गप्प राहिले. हळूहळू तो बोलू लागला. दुःख बांधाचे नव्हतेच. वडील गेले तेव्हा थोरल्याने वेळेवर निरोप धाडला नाही, शेवटचे तोंडदेखील पाहायला मिळाले नाही, हे त्याच्या काळजात रुतले होते. "बांध सगळ्यांना दिसतो बाबा, हे कुणाला दिसत नाही," असे म्हणून तो रडला. मग वीणेकरी थोरल्याकडे गेले आणि त्याचेही तसेच ऐकून घेतले. त्या रात्री तो घरात एकटा होता, बापाला सोडून निरोप द्यायला जाणार कसा? हे त्याने कधी कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते. बांधाचा वाद अजून मिटायचा आहे. परंतु पुढच्या वारीला दोघे भाऊ एका पंगतीला बसले.

नाथांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. रामेश्वराला वाहावयाची गंगेची कावड त्यांनी तापलेल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली. गाढव इतरांनाही दिसत होतेच. त्याची तहान मात्र नाथांनाच दिसली. मुक्या जीवाने मागितले नव्हते, तरी त्यांनी ओळखले. दुसऱ्याचे दुःख जाणणे ते हेच. मागितल्यावर देणे हा व्यवहार झाला.

आणि न पाहणे किती महाग पडते? चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यास भिंतीखाली सापडून गेले. त्यांची समाधी महाद्वारी, नामदेव पायरीपाशी आहे. तिला नमस्कार करून आपण आत जात होतो. चोखोबांच्या जातीचा वारकरी मात्र बाहेरच उभा राहत होता. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि त्या साली ते दार उघडले. म्हणजे सहाशे वर्षे नमस्कार चुकला नाही. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे दुःख दिसावयास तेवढा काळ लागला. हे लिहिताना आमची मान खाली जाते.

म्हणून वाचकहो, माळेच्या नेमाबरोबर आणखी तीन नेम धरू या.

पहिला : कुणी दुःख सांगू लागला, तर आधी पुरते ऐकावे. उपदेश मागितला तरच द्यावा, आणि तोही थोडा.

दुसरा : जो बोलत नाही त्याच्याकडे आधी पाहावे. आपण वारीला निघतो तेव्हा घरी गुरांचे शेणपाणी कोण करते? सून करते, नाहीतर धाकटा भाऊ करतो. त्यांचीही वारी त्या गोठ्यातच घडते. परत आल्यावर प्रसादाचे चुरमुरे हातावर ठेवण्याआधी "तुझं कसं गेलं गं?" असे विचारावे.

तिसरा : ज्याला आपण चुकवतो, त्याच्याच पाया आधी पडावे. बाकीच्यांच्या पाया पडणे सोपे आहे.

वारी थोड्या दिवसांची, संसार वर्षाचा. वाटेवर माऊली म्हणून घेतलेले माणूस उंबऱ्याच्या आतही माऊलीच राहिले, तरच पंढरी घडली असे म्हणता येईल. आम्हांलाही हे अजून साधलेले नाही. आपण मिळून शिकू या.

रामकृष्ण हरि.