छोट्या कुत्र्याला घेऊन गावी निघताना

नाताळच्या सुट्टीत गावी जायचं ठरलं की पॉमेरेनियन, पग, शिह त्झू अशा छोट्या कुत्र्यांचे पालक दवाखान्यात येतात आणि बहुतेकांची मागणी एकच असते : "डॉक्टर, गाडीत गप्प झोपून राहील अशी काहीतरी गोळी द्या." गावी पोचल्यावर काय जपायचं, हे फार थोडे जण विचारतात. पुण्याहून चिपळूण किंवा जुन्नर गाठायला काही तास पुरतात, मुक्काम मात्र आठवडाभर असतो. म्हणून काळजी दोन्हीकडे हवी, आणि मुक्कामात अंमळ जास्तच.

आधी गोळीचं बघू

केवळ गप्प बसावं म्हणून झोपेचं औषध देऊ नये. त्याने रक्तदाब उतरू शकतो, थंडीत अंगातली ऊब टिकत नाही आणि पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला श्वास घेणं जड जातं. गाडीत कुत्रा 'त्रास देतो' तेव्हा अनेकदा त्याला मळमळत असतं. सारखे ओठ चाटणं, जांभया देणं, लाळ गळणं ही त्याची खूण. उलटी थांबवणारं कुत्र्यांचं वेगळं औषध मिळतं. डॉक्टरांकडून कुत्र्याचं वजन करून डोस ठरवून घ्या. घरातली माणसांची गोळी अर्धी करून कधीच देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांनी छोट्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

गोळीपेक्षा सवय उपयोगी पडते. निघायच्या आठ-दहा दिवस आधी कॅरिअर घरात उघडा ठेवा. त्यात त्याचं नेहमीचं अंथरूण घाला आणि जेवणही तिथेच द्या. तो आपणहून आत जाऊन झोपू लागला की दार लावून गाडीतून जवळपास एखादी फेरी मारून आणा.

प्रवासाच्या दिवशी

पोटभर जेवण निघण्याच्या चार तास आधी उरकावं. अगदी लहान, दोन-तीन महिन्यांचं पिल्लू मात्र फार वेळ उपाशी ठेवू नका, त्याच्या रक्तातली साखर पटकन उतरते. त्याला मधूनमधून घासभर द्यावं. कॅरिअर मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून ठेवा. मांडीवरचा कुत्रा अचानक ब्रेक लागला की पुढे फेकला जातो. दर दोन तासांनी थांबा आणि गाडीचं दार उघडण्याआधी गळपट्ट्याला दोरी लावा. ढाब्यावर जेवायला उतरताना त्याला बंद गाडीत ठेवू नका, डिसेंबरातही दुपारच्या उन्हात गाडी झपाट्याने तापते.

रेल्वेने जायचं तर कुत्र्याला सोबत घेऊन फक्त एसी फर्स्ट क्लासमध्ये बसता येतं, तेही दोन बर्थचं कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्याकडे असेल तरच. पार्सल ऑफिसमध्ये त्याचं वेगळं बुकिंग करावं लागतं. त्यासाठी लसीचं कार्ड आणि डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवा. दुसरा पर्याय गार्डच्या डब्यातल्या पेटीचा. थंडीच्या रात्री छोट्या कुत्र्यासाठी तो मी सुचवणार नाही.

गावी पोचल्यावर

गावातल्या सगळ्या कुत्र्यांना लस दिलेली असेलच असं नाही. त्यामुळे रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्या लसींची मुदत आधीच तपासा. रेबीजची पहिलीच लस असेल तर संरक्षण तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. दुसऱ्या कुत्र्याने चावा घेतलाच तर हातमोजे घालून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. आधी लस झालेली असली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. माणसाला चावलं तर तेवढंच धुऊन थेट सरकारी दवाखाना गाठा.

दुसरा शत्रू गोचीड. गोठ्याजवळ, गवतात फिरून आल्यावर रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि गळपट्ट्याखाली हात फिरवून बघा. मसुराएवढी टणक गाठ लागली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका, काडीने डागू नका. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, जेवण सुटलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर गोचीडताप धरून रक्त तपासायला हवं. गोचीड रोखणारं औषध आधीच देऊन निघालात तर यातला बराचसा व्याप टळतो.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या उसाच्या पट्ट्यात ओट्यावर बांधलेला छोटा कुत्रा बिबट्याला आयता सापडतो. हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली की लपायची जागा जाते आणि बिबटे वस्तीकडे सरकतात. अंधार पडल्यावर कुत्रा घरातच हवा, अंगणात सोडायचा असेल तर दोरी हातात धरून आणि कुणालातरी सोबत घेऊन. घरात झोपण्याचा दुसरा फायदा थंडीपासूनचा. लहान शरीरातली उष्णता लवकर निघून जाते. थरथर सुरू झाली की कोरड्या कापडात गुंडाळा. शेकोटीजवळ मात्र सोडू नका.

पाहुणचारही आवरा. कांदा-लसणाचा रस्सा, मनुके घातलेला केक, चॉकलेट, शिजलेली हाडं यांतलं काहीच नको. त्याचं रोजचं खाणं मोजून बरोबर घ्या आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवा.

हृदयविकार असलेला, सतत खोकणारा किंवा फार म्हातारा कुत्रा असेल तर त्याला विश्वासातल्या माणसाकडे ठेवून जाणं हेच खरं प्रेम. बाकीच्यांनी आजच लसीचं कार्ड काढून तारखा बघाव्यात आणि गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवावा.