मुलगा स्टॉपर व्हायचं म्हणतो तेव्हा

हैदराबादेतल्या गौलीगुडा, जांबाग, काचीगुडा या पट्ट्यातल्या मराठी घरांत दहावीनंतरचा रस्ता आधीच आखलेला असतो. इंटरला एमपीसी (गणित-भौतिक-रसायन), मग ईएपीसेट ही प्रवेश परीक्षा, मग हायटेक सिटीतली नोकरी. अशा घरात एखादा पोरगा सांगतो, ‘मला फुटबॉलच खेळायचंय,’ आणि आईच्या पोटात गोळा येतो. त्यातही त्याला गोल करायचे नसतात, अडवायचे असतात. स्ट्रायकरची निदान पेपरात छायाचित्रं येतात, बचावफळीच्या मध्यावरच्या स्टॉपरला कोण विचारतं, ही वडिलांची शंका.

या शंकेचं उत्तर हैदराबादच्याच नावाची जर्सी घातलेल्या एका स्पॅनिश माणसाकडे आहे. हुआन अंतोनियो गोन्झालेझ, मैदानावरचं नाव हुआनान. 1987 चा जन्म. 2016 मध्ये बेंगळुरू एफसीत आला तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यावर होता, आणि इथल्या टीव्हीवर ला लिगा बघणाऱ्यांनीही त्याचं नाव क्वचितच ऐकलं असेल. बेंगळुरूकडून त्याने 2017 चा फेडरेशन कप, 2018 चा सुपर कप आणि 2018-19 ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकली. 2021 मध्ये तो हैदराबाद एफसीत आला आणि त्याच हंगामात हैदराबाद पहिल्यांदा विजेता झाला. 20 मार्च 2022, फातोर्डा, समोर केरळ ब्लास्टर्स. गोव्याच्या साहिल तावोराने 88 व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले. कोल्हापूरचा अनिकेत जाधवही याच संघातला. कोविडमुळे तो सगळा हंगाम गोव्यातच झाला, त्यामुळे गच्चीबावलीच्या मैदानावर एकही सामना न खेळता हैदराबादने चषक आणला. तेव्हा हुआनान चौतीस वर्षांचा होता.

पालकांनी हे वय लक्षात ठेवावं. विंगरची कमाई पायांच्या वेगावर असते आणि वेग तिशीनंतर उतरतो. स्टॉपरचं काम चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखणं, शेजारच्याला ओरडून जागेवर ठेवणं, कधी पुढे जायचं नाही हे जाणणं. ही समज सामने खेळून खेळूनच येते. म्हणून सोळाव्या वर्षी निवड चाचणीत मागे पडलेल्या स्टॉपरला ‘संपलं तुझं’ म्हणू नका. उलट त्याच वयात आडदांड शरीराच्या जोरावर सगळ्यांना रोखणाऱ्या मुलाचं कौतुक जरा हात राखून करा. बाकीची मुलं उंच झाली की त्याचं खरं खेळणं दिसतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आयएसएलमध्ये 2021-22 पासून एका संघाचे एका वेळी चारच परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येऊ लागले, आधी पाच चालत. क्लब या मोजक्या जागा बहुधा स्ट्रायकर, मधल्या फळीचा सूत्रधार आणि स्टॉपर यांच्यावर खर्च करतात. म्हणजे तुमच्या मुलाची स्पर्धा अंबरपेटच्या मुलाशी नाही, थेट हुआनान किंवा ओदेई ओनाइंदिया यांच्यासारख्यांशी असते. हा ओदेईही स्पॅनिश स्टॉपरच. ज्या मिरांदेस क्लबने 2020 मध्ये खालच्या विभागातून येऊन स्पेनच्या कोपा देल रेची उपांत्य फेरी गाठली, तिथून तो हैदराबादला आला. फुलबॅकचं, म्हणजे कडेच्या बचावपटूचं, तसं नाही. आकाश मिश्रा, आशिष राय ही मुलं हैदराबादकडून फुलबॅक म्हणूनच पुढे आली. मुलाला वेग असेल, डावा पाय चालत असेल, तर प्रशिक्षकाला फुलबॅकबद्दल जरूर विचारा. मुलगा रुसेल, पण विचारा.

स्पेनमध्ये ला लिगात 20 क्लब आहेत. त्याखाली दुसऱ्या विभागात 22, तिसऱ्यात 40, चौथ्यात 90. आपण बघतो ते वरचे वीस. बाकी शेकडो डिफेंडर एक-दोन वर्षांच्या करारावर गावं बदलत जगतात, आणि त्यातलेच काही भारतात येतात. प्रशिक्षकांचंही तेच. हैदराबादला विजेता करणारे मानोलो मार्केस 2017 मध्ये ला लिगातल्या लास पाल्मासचे प्रशिक्षक झाले आणि हंगाम रंगात येण्याआधीच पायउतार झाले. तीन वर्षांनी ते इथे आले. हा धंदा असाच आहे: बॅग भरलेली ठेवायची.

क्लबही कायमचा नसतो. 2022 चा हा विजेता 2023-24 मध्ये पगार थकवून बसला, परदेशी खेळाडू निघून गेले, संघ एकच सामना जिंकून तळाला राहिला. 2025 मध्ये तर क्लबच दिल्लीला गेला आणि नावही बदललं. त्याच वर्षी जुलैत लीगचा पुढचा हंगाम स्थगित झाला. म्हणून करार हातात आला की नोकरीच्या ऑफर लेटरइतकाच बारकाईने वाचा. किमान दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी कळवून किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडायचा, हा हक्क फिफाच्या नियमांत आहे. दुखापतीच्या उपचारांचा खर्च कोण करणार, हे वाक्य करारात नसेल तर सही थांबवा.

‘स्पेनमध्ये ट्रायल’ची जाहिरात पाहून एफडी मोडायला निघालेले पालक मला भेटतात, आणि इथे मी गोड बोलत नाही. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी करायला फिफाची मनाई आहे. अपवाद मोजके, आणि ते गौलीगुड्यातल्या मुलाला सहसा लागू होत नाहीत. हा नियम मोडला म्हणून 2014 मध्ये खुद्द बार्सिलोनावर खेळाडू घेण्याची बंदी आली होती. महिनाभराचं शिबिर ही सहल समजून परवडत असेल तर खुशाल पाठवा, पण त्याला करिअर म्हणू नका.

अभ्यासाचं काय? तो सोडायचा नाही. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962 ची एशियाड सुवर्णपदकं जिंकली. फुटबॉलला वाहून घेण्याआधी ते शिक्षक होते, आपल्या शेजारच्या काचीगुडा आणि चादरघाटच्या शाळांत शिकवत. हैदराबादचेच सय्यद नईमुद्दीन बचावपटू म्हणून 1970 च्या एशियाडमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार होते, पुढे भारताचे प्रशिक्षक झाले. अर्जुन आणि द्रोणाचार्य दोन्ही त्यांना मिळाले. खेळ थांबल्यावर प्रशिक्षक, फिजिओ, सामन्यांचं विश्लेषण, शारीरिक शिक्षण ही दारं उघडी असतात, पण बहुतेकांना बारावी आणि पदवी लागते. सकाळ-संध्याकाळचा सराव आणि दिवसभराचं इंटर कॉलेज जुळत नसेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) परीक्षा द्या. भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी लायसन्स अभ्यासक्रम अठरा पूर्ण झाल्यावर करता येतो. खेळत असतानाच तो उरकून घ्यावा.

आणि रोज गच्चीबावलीपर्यंत पळवू नका. एमजीबीएसहून अमीरपेटला मेट्रो बदलून रायदुर्ग, पुढे ऑटो, यात मुलाची झोप जाते आणि वाढत्या वयात शरीराला झोप हवी असते. पंधराव्या वर्षापर्यंत व्हिक्टरी प्लेग्राउंडसारखं चालत जाण्याजोगं मैदान आणि मुलाला नावाने ओळखणारा प्रशिक्षक पुरे.