दात खाणारे मूल आणि निरपराध जंत

रात्री मूल करकर दात खाऊ लागले, की आपल्याकडे निदानासाठी डॉक्टराची वाट पाहण्याची चाल नाही. पोटात जंत झाले असा निकाल आजी देते आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून गोळी आणवून, अथवा वावडिंगाचा काढा पाजून, प्रकरण निकालात काढले जाते. जंत ही आपल्याकडची खरी व्याधी आहे, आणि शाळांतून १० फेब्रुवारीस अल्बेंडॅझोलची गोळी देण्याची जी सरकारी तजवीज आहे, तिचा लाभ मुलांनी अवश्य घ्यावा. परंतु दात खाणे हा जंतांचा दाखला मानण्यास आधार नाही.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलास घेऊन आमच्या दवाखान्यात आल्या. जंताचे औषध तीनदा देऊनही दात खाणे थांबेना, सबब "आता जरा जोराचं औषध द्या, डॉक्टरसाहेब," ही त्यांची मागणी. मुलाचे तोंड सारा वेळ उघडे होते, ओठ सुकून तडकलेले, दुधाच्या दाढांचे उंचवटे झिजून सपाट झालेले आणि पुढच्या दातांवरची हिरडी कोरडी, लालभडक. घोरतो का, असे विचारताच बाई कौतुकाने म्हणाल्या, "हो तर! बापावर गेलाय. झोप अगदी गाढ आहे त्याची." घशात पाहिले तो दोन्ही टॉन्सिल एकमेकांना भिडू पाहत होते. कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे रवानगी केली, नाकामागची वाढलेली गाठ सापडली, आणि तिचा व टॉन्सिलचा इलाज झाल्यावर घोरणे थांबले व दात खाणेही हळूहळू ओसरले.

घोरणे म्हणजे गाढ झोप, हा जंतांच्या समजुतीचाच सख्खा भाऊ. श्वासाची वाट अडली की मेंदू निद्रिताला क्षणभर अर्धवट जागा करतो, आणि अशा जागृतीच्या क्षणीच पुष्कळदा जबड्याचे स्नायू आवळले जातात. शिवाय तोंडाने श्वास घेतल्यामुळे दातांचे रक्षण करणारी लाळ सुकून कीड लागण्यास मोकळे रान मिळते. प्रौढांत दात खाण्याला चिंता, तंबाखू, मद्य, उशिराचा चहा आणि मानसिक विकारांवरची काही औषधे यांचीही जोड असते. मात्र ती औषधे परस्पर बंद करू नयेत.

घाबरून जाण्याचेही कारण नाही. केवळ दात खाणे, आणि घोरणे नाही, दुखणे नाही, अशी बहुसंख्य मुले मोठी होता होता या सवयीतून आपोआप सुटतात. परंतु झोपेत श्वास मध्येच थांबून मूल एकदम दचकत असेल, सकाळी कानशिले व जबडा ठणकत असेल, थंड पाण्याने दात शिवशिवत असतील, किंवा दिवसा वर्गात अथवा कचेरीत डुलक्या येत असतील, तर दिरंगाई करू नये. दातांवरचे झिजलेले कवच पुन्हा उगवत नाही.

आणि कृपा करून मोबाईलवरच्या वैद्यांना आवरा. रात्री ओठांवर चिकटपट्टी लावून झोपा, असा उपदेश हल्ली फार बोकाळला आहे. नाक चोंदलेल्या माणसाचे तोंडही बंद करणे यास उपचार म्हणावे की अघोरीपणा, हे वाचकांनीच ठरवावे. दाढ ठणकते म्हणून निजताना मिश्री लावणाऱ्यांनाही तेच सांगणे : तिच्यातला तंबाखू हिरड्या कुजवतो, झोप मोडतो आणि कीड जागच्या जागी ठेवतो. झीज रोखण्यासाठी दातांवर बसवण्याची रात्रीची पट्टी लागलीच, तर ती दंतवैद्याकडे माप देऊन करवून घ्यावी. बाजारात तयार मिळणारी रबरी पट्टी जबड्याला नीट बसेलच असे नाही.

तेव्हा पुढची गोळी आणण्यापूर्वी एक रात्र मुलाच्या उशाशी बसा आणि त्याचा श्वास ऐका. तो अडखळताना दिसला, तर त्याच मोबाईलवर दोन मिनिटांचे चित्रण करून दवाखान्यात घेऊन या. आमच्या निदानास ते जंतांच्या दहा गोळ्यांहून अधिक उपयोगी पडेल.