जुन्या सुरीचे पाणी

ट्रंकेच्या तळाशी पडलेली एखादी जुनी शिकारी सुरी तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरत गेले आणि अशा सुऱ्या म्यानातच गंजल्या. पण डोंगरात भटकताना दोर कापायला, तंबूच्या खुंट्या तासायला तशी सुरी आजही उपयोगी पडते. ती दुरुस्त करणे अवघड नाही. बिघडवणे मात्र त्याहून सोपे आहे!

शाळेत असताना मामांची अशी एक सुरी माझ्या हाती लागली. विजेवर फिरणाऱ्या दगडी चाकावर मी तिला धार लावली. ठिणग्या उडत होत्या, पाते लखलखत होते. धारेलगत एक सुंदर निळी रेघ उमटली, तेव्हा मी खूशच झालो. दुसऱ्या दिवशी बाभळीची काठी तासताना तीच धार पत्र्यासारखी वळली. गावातल्या लोहाराने नुसती ती रेघ पाहिली आणि म्हणाला, "पोरा, हिचं पाणी उतरवलंस की रे!"

हे पाणी म्हणजे काय? सुरीच्या पोलादात सुमारे ०.८ टक्के कार्बन असतो. पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास लाल तापवून एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवले, की कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत अडकून पडतात. या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेनसाइट म्हणतात. ती अतिशय कठीण, पण काचेसारखी ठिसूळ असते. म्हणून पाते पुन्हा २०० अंशांच्या थोडे वर, बेताने तापवतात. थोडा कार्बन सुटतो, ठिसूळपणा जातो, कठीणपणा बराचसा राहतो. पण तापमान ३०० अंशांजवळ गेले, तर धारेला हवा तो कठीणपणाही जाऊ लागतो.

तापमान ओळखायला लोहाराला तापमापक लागत नाही. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे त्यावर रंग दिसतात, रस्त्यावरच्या तेलाच्या तवंगावर दिसतात तसेच. २२० ते २३० अंशांना फिका गवती, २८० च्या सुमारास जांभळा, ३०० जवळ निळा. माझी 'सुंदर' रेघ म्हणजे सुरीने दिलेली तक्रार होती! धारेचे टोक पातळ, तिथली उष्णता पसरायला जागाच नाही. बाकीचे पाते बोटांना जेमतेम कोमट लागते, तोवर धार जळून गेलेली असते.

म्हणून पहिला नियम: चाक नको. धार लावायचा दगड म्हणजे निसणा, पाणी आणि स्वतःचे हात एवढेच वापरा. घरातील मोठ्या माणसाला सोबत घ्या. आधी बारीक कानस मुठीजवळच्या धारेवर हलकेच ओढून पाहा. ती घसरली तर पाणी शाबूत आहे. चावली, तर धार मऊ झाली आहे.

आता गंज. तांबडा गंज भुसभुशीत असतो. त्यातून हवा व ओल आत जात राहते आणि खालचे पोलाद खाल्ले जाते. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके पात्याला अर्धा तास गुंडाळा, मग घासा. जास्त वेळ ठेवू नका, कारण आम्ल गंजावर थांबत नाही, चांगल्या पोलादालाही लागते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, खडखडीत कोरडे करा आणि शिलाई यंत्राचे तेल लावा. खड्डे राहिले तर राहू द्या. ते घालवायला जेवढे पोलाद घासावे लागेल, तेवढे सुरीजवळ नसते.

झिजलेली सुरी धार लावूनही नीट का कापत नाही, याचे उत्तर भूमितीत आहे. पात्याचा छेद पाचरीसारखा असतो. समजा, नवे पाते २८ मिलिमीटर रुंद होते, पाठीशी ४ मिलिमीटर आणि धारेमागे अर्धा मिलिमीटर जाड. झिजून रुंदी २० झाली, तर धारेमागची जाडी किती? गणित करा: दीड मिलिमीटर, म्हणजे तिप्पट! धार कितीही तीक्ष्ण केली तरी मागचा हा जाड खांदा लाकडात अडतो.

तेव्हा आधी खांदा उतरवायचा. पाते निसण्यावर जवळजवळ आडवे, ५ अंशांवर धरायचे. ५ अंशांचा साइन ०.०८७, रुंदी २० मिलिमीटर, म्हणून पाठ पावणेदोन मिलिमीटर उचलायची. हे कंटाळवाणे काम आहे, दोन-तीन संध्याकाळी जातील. मग शेवटची धार २० अंशांवर. पाठ किती उचलायची ते आता तुम्हीच काढा. (माझे उत्तर सात मिलिमीटरच्या जरा आत येते.)

शिसवी मूठ सुकली असेल तर जवसाचे तेल चोळा. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. गंज हेही ऑक्सिडीकरणच, पण तिथे नको असलेले. या क्रियेत उष्णता निघते. तेलाची फडकी बोळा करून टाकली, तर ती आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

सुरी चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली आम्ले व क्षार त्यात उरलेले असतात. सहलीहून आल्यावर पाते पुसा आणि तेलकट कापडात गुंडाळून ठेवा. कैरी किंवा लिंबू कापल्यावर त्यावर काळसर डाग पडतील. ते घासत बसू नका. तो तांबडा गंज नव्हे.