गवंड्याचे बिल

आपल्या भागात पूर्वी कुडाची घरे असत. रानातून कारवीच्या काठ्या आणायच्या, कूड उभा करायचा, वर शेणामातीचा लेप द्यायचा. भावकी आणि शेजारी सावडीने मदतीला येत. दुपारचे जेवण घातले की हिशेब फिटला. अशा घराचे कोणी बिल दिल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

पुढे विटा आल्या, सिमेंट आले, पत्रे आले. बांधणारा माणूस पाड्याबाहेरून येऊ लागला. त्याच्या पाठोपाठ बिलही आले. कधी ते वहीच्या फाटक्या पानावर असते, कधी नुसते तोंडी. आकडा ऐकून छातीत धस्स होते. पण बोलायचे कसे, विचारायचे काय, हे कळत नाही. मग माणूस एक तर मुकाट्याने पैसे देतो, नाही तर भांडत सुटतो.

कसाऱ्याच्या आमच्या वर्गात एक ताई असेच एक पान घेऊन आल्या. घरधनी वीटभट्टीवर गेलेले. घाटाखालचा पाऊस आपल्याला माहीत आहेच; विटांच्या उघड्या भिंतींतून पाणी आत झिरपते. म्हणून ताईंनी बचत गटाचे कर्ज काढून पावसाआधी खोलीला आतून प्लास्टर करून घेतले. दहा हजार रुपये उचल आधीच दिली होती. काम झाले आणि मिस्त्रींनी हे पान हातात ठेवले :

प्लास्टर मजुरी, ५२८ फूट, दर ३० रुपये : १५,८४० रुपये
सिमेंट, ११ गोणी, दर ४०० रुपये : ४,४०० रुपये
वाळू, १ ब्रास : ४,५०० रुपये
इतर : १,८०० रुपये
एकूण : २६,५४० रुपये

उचल वजा केली तर १६,५४० रुपये देणे निघत होते. ताईंच्या जवळ बारा हजार होते. त्या म्हणाल्या, “बेरीज तर बरोबर आहे. मग माझं चुकलं कुठं?”

बेरीज आम्हीही करून पाहिली. ती बरोबरच होती. पण बेरीज बरोबर म्हणजे बिल बरोबर, असे नसते. बिलाची प्रत्येक ओळ म्हणजे एक माप आणि एक दर यांचा गुणाकार. दर ठरलेला होता : तीस रुपये फूट. तो ठरला तेव्हा ताईंची जाऊ तिथेच बसली होती. तेव्हा दराबद्दल वाद नव्हता. पाहायचे होते ते माप.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेप घेऊन ताईंच्या घरी गेलो. खोली आतून बारा फूट लांब, दहा फूट रुंद. चारही भिंतींची लांबी मिळवली : १२ अधिक १० अधिक १२ अधिक १०, म्हणजे ४४ फूट. पागोळीच्या बाजूला भिंतीची उंची ९ फूट. ४४ गुणिले ९ केले, ३९६ चौरस फूट आले.

ताई लगेच म्हणाल्या, “बघा! त्यांनी ५२८ लावले. लुटलं मला.”

आम्ही म्हटले, थांबा. आधी मिस्त्रींना बोलवू या.

मिस्त्री आले ते रागातच. “एवढी वर्षं काम करतोय, आजवर कोणी टेप लावला नाही.” आम्ही त्यांना बसायला दिले, चहा दिला, आणि विचारले, “मिस्त्री, ५२८ फूट कसे धरले, तेवढे दाखवा. आमचं चुकत असेल तर आम्ही सुधारू.” त्यांनी आढ्याकडे बोट केले. तिथली उंची बारा फूट. ४४ गुणिले १२, ५२८.

आता पाहा हं. मिस्त्रींचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. दहा फुटी दोन भिंती वर निमुळत्या होत आढ्यापर्यंत गेल्या होत्या. त्या त्रिकोणांनाही प्लास्टर झाले होते, आणि आमच्या ३९६ फुटांत ते धरायचे राहून गेले होते. चूक आमचीही होती. पण मिस्त्रींनी चारही भिंती पुऱ्या बारा फूट उंच धरल्या. बारा फुटी दोन भिंती तर नऊ फुटांवरच संपत होत्या. त्यांच्या वर पत्रा होता, भिंत नव्हती.

त्रिकोणाचे माप सोपे आहे. पाया गुणिले उंची, त्याचे निम्मे. पाया १० फूट, उंची ३ फूट; दहा त्रिक तीस, त्याचे निम्मे १५. असे दोन त्रिकोण, म्हणून ३० फूट. ३९६ अधिक ३०, झाले ४२६ फूट. ४२६ गुणिले ३०, मजुरी झाली १२,७८० रुपये. या एका ओळीत ३,०६० रुपयांचा फरक निघाला.

दार आणि खिडकी यांची जागा वजा करावी असे ताईंचे म्हणणे होते. तिथे आम्ही मिस्त्रींची बाजू घेतली. दाराखिडकीच्या आतल्या काठांना प्लास्टर करावेच लागते, आणि ते किचकट काम असते. लहान भोके वजा करायची नाहीत आणि काठांचे वेगळे मोजायचे नाही, असा रिवाज बऱ्याच ठिकाणी आहे. मोठा दरवाजा असेल तर गोष्ट वेगळी. ते आधीच बोलून ठेवावे.

मग सिमेंट. ताईंनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती : रिकाम्या गोण्या टाकल्या नव्हत्या. मोजल्या, सहा निघाल्या. बिलात अकरा होत्या. हिशेबही तेच सांगत होता. अर्ध्या इंचाचे प्लास्टर आणि एकास चार असा माल धरला, तर पन्नास किलोच्या एका गोणीत साधारण ८० ते १०० फूट काम होते. ४२६ फुटांना पाचएक गोण्या पुरतात. भिंत वेडीवाकडी असली, थर जाड बसला, तर एखाद-दुसरी जास्त लागते. अकरा लागणे अशक्य. मिस्त्री जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, दुसऱ्या घराच्या गोण्या याच पानावर चढल्या असतील. पान पोराने लिहिले, मला काही लिहिता येत नाही. खरे-खोटे तेच जाणोत. आम्हाला मात्र ते पटण्यासारखे वाटले. आपण वाचायला शिकतो आहोत. समोरचा मिस्त्री अजून शिकायचा आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

वाळूच्या ओळीत काही चूक नव्हती. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉली आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट भरलेली असेल, तर आठ पंचे चाळीस, चाळीस अडीचे शंभर; एक ब्रास झाली. खाली करण्यापूर्वी मोजावी, मागाहून ढीग मोजता येत नाही. एवढ्या कामाला पुरी ब्रास लागत नाही, पण उरलेली वाळू ताईंच्याच अंगणात पडून होती. ती त्यांचीच. एक सांगून ठेवतो : प्लास्टरच्या कामात मिस्त्री ‘ब्रास’ म्हणतात तेव्हा तो शंभर चौरस फुटांचा असतो. शब्द एकच, मापे दोन. कोणता ब्रास, ते विचारून घ्यावे. आणि घरकुलाचे साहेब मीटरमध्ये बोलतात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. घरकुलाची २५ चौरस मीटर जागा म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट.

राहिले ‘इतर’. या शब्दापाशी नेहमी थांबावे. इतर म्हणजे काय काय? मिस्त्रींनी सांगितले : परांचीचे भाडे ६००, टेम्पोचे ७००. झाले १,३००. उरलेले ५०० कशाचे, ते त्यांनाही सांगता आले नाही. ते त्यांनी स्वतःच खोडले.

नवा हिशेब असा झाला : मजुरी १२,७८०, सिमेंट २,४००, वाळू ४,५००, इतर १,३००. एकूण २०,९८० रुपये. उचल १०,००० वजा जाता देणे १०,९८० रुपये. ताईंनी ११,००० दिले. वीस रुपये परत घेतले नाहीत. पानाच्या खाली ‘सर्व पैसे पोचले’ असे लिहून तारीख घातली. मिस्त्रींनी अंगठा केला. ताईंनी सही केली. फरक पडला ५,५६० रुपयांचा. तेवढ्यासाठी ताईंना किती दिवस मजुरी करावी लागली असती, ते त्यांनी बोटांवर मोजून आम्हाला सांगितले.

सगळेच मिस्त्री असे ऐकून घेतात असे नाही. कोणी म्हणतो, “पुरे पैसे दे, नाही तर पत्रे काढून नेतो.” अशा वेळी सगळेच पैसे अडवून धरू नयेत. आपल्या मापाने जेवढे खरे देणे निघते तेवढे द्यावे आणि पावती घ्यावी. पैसे फोनवरून पाठवले तर त्याची नोंद राहतेच. वाद उरलेल्या रकमेपुरताच ठेवावा, आणि तो कशाबद्दल आहे ते कागदावर लिहून द्यावे. एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. त्याची थापी, ओळंबा, घमेली मात्र अडकवून ठेवू नयेत. हत्यारांवर त्याचे पोट आहे, आणि तसे केले तर उलट आपल्यावरच बालंट येते.

तरीही मिटले नाही, तर कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. घर बांधून देणे ही ‘सेवा’ आहे आणि तीत कसूर झाली तर ग्राहकाला दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौच्या एका खटल्यात सांगितले. दोघांत ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे लावले, तर तीही तक्रारीची बाब आहे. इथे ‘ठरलेल्या’ या शब्दावर बोट ठेवा. काहीच ठरले नसेल, तर जास्त कशापेक्षा, हे दाखवणे कठीण जाते. आणि नोकर-मालकाचे नाते असेल, तर हा कायदा लागत नाही.

१९१५ या क्रमांकावर फोन केला तर सल्ला मिळतो. फोनला पैसे पडत नाहीत. गावच्या मिस्त्रीशी भांडण असेल तर या फोनने फार काही होईल असे आम्हाला वाटत नाही, पण पुढची वाट कळते. तक्रार ऐकणारा जिल्हा ग्राहक आयोग ठाण्याला आहे. कसाऱ्याहून लोकल थेट ठाण्याला जाते. काम पाच लाख रुपयांपर्यंतचे असेल तर फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बरोबर काय न्यायचे? बिलाचे पान, पैसे दिल्याची खूण, आणि कामाचे फोटो. पण चार-पाच हजारांसाठी तारखांना खेपा घालायच्या म्हणजे मजुरी बुडते. म्हणून आम्ही आधी टेप आणि चहा यांवर भर देतो.

त्याहून बरे म्हणजे काम सुरू होण्याआधीच एक चिठ्ठी करावी. ताईंनी पुढच्या कामासाठी, बाहेरच्या भिंतींसाठी, त्याच मिस्त्रींशी अशी चिठ्ठी केली :

“बाहेरून प्लास्टर. मजुरी दर चौरस फुटाला ३५ रुपये. माप काम झाल्यावर दोघांनी मिळून टेपने घ्यायचे. त्रिकोण त्रिकोणाच्या मापाने. दारे-खिडक्या वजा नाहीत, काठ वेगळे नाहीत. सिमेंट, वाळू मालकीण स्वतः आणील. परांची मिस्त्रींची, भाडे वेगळे नाही. उचल ५,००० रुपये, बाकी काम पुरे झाल्यावर.”

खाली तारीख आहे, जावेची साक्ष आहे. मिस्त्रींनी या वेळी अंगठा केला नाही. त्यांनी आपल्या नावाचे पहिले अक्षर काढले. जरा वाकडे आले आहे.

सराव : आपल्या घराची एक भिंत टेपने मोजा. तिचे चौरस फूट किती, ते लिहा. भिंत वर निमुळती असेल तर त्रिकोण वेगळा मोजा. मग ३० रुपये दराने मजुरी काढा आणि पुढच्या वेळी वही वर्गात आणा.